माडावरून गेलेली तार

गावात चार माणसं जमली की सेक्रेटरींची गोष्ट निघते, आणि सांगणारा ती हसतच सांगतो. मला ती हसत सांगता येत नाही. म्हणून लिहून बघते आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं लिहिलेलं वाचून चूक दाखवणारंही घरात कोणी नाही. पण जे झालं ते जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना नाव आहे, पण ते कोणी वापरत नाही. त्यांची बायकोसुद्धा दारात आलेल्या माणसाला सांगते, "सेक्रेटरी जेवतत. बसा वायच."

आमचं गाव नांदगावच्या हायवेवरून आत, डोंगरांच्या बेचक्यात आहे. एसटी वळणं घेत घेत तासाभराने पोचते. गावात मोबाईलला रेंज नाही. सोसायटीच्या मागची दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून सड्यावर, डोंगराच्या उघड्या सपाट माथ्यावर गेलं की फोन लागतो, मेसेज येतात, पण नेट तिथेही नुसतं गोल गोल फिरत राहतं. त्यामुळे खरं इंटरनेट गावात एकाच ठिकाणी, सोसायटीच्या आतल्या खोलीत. रस्त्यावरच्या पेटीतून एक काळी तार निघते, पोफळीच्या बागेतून, शाळेच्या मागून, दोन माडांवरून येते आणि त्या खोलीत शिरते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून मी तिथे कॉम्प्युटरवर काम करत होते. सभासदांची माहिती भरायची, सातबारे काढायचे, काजूच्या बागांच्या विम्याचे अर्ज भरायचे, असं काम.

त्या खोलीत चपला घालून जायचं नाही. देवाधर्माचा काही संबंध नाही. "ही तांबडी धूळ," सेक्रेटरी म्हणायचे, "माणसाच्या छातीत गेली तर डॉक्टर आसा. ह्येच्या छातीत गेली तर कोण आसा?" कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचं पांघरूण असायचं. राउटरवरही एक फडकं असायचं. मी एकदा भीत भीत म्हटलं की राउटरला हवा लागते, तो झाकला की तापतो. ते म्हणाले, "तापता ता बरा आसा. कामाचो माणूस तापतोच."

ते स्वतः कायम तापलेले असायचे. मी त्यांना शांत बघितलेलं फार आठवत नाही. नेट गेलं की ते कंपनीला फोन करायचे, सोसायटीच्या जुन्या लँडलाईनवरून, आणि तो फोन ऐकायला बाहेरच्या बाकावर माणसं थांबायची. आधी रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. तिच्याशी ते मालवणीतच भांडायचे.

"मराठीसाठी दोन दाबा."

"दाबलंय. फुडे बोल."

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"महत्त्वाचो आसा तर उचल मगे! गाणी कित्याक लावतंस?"

माणूस लाईनवर आला की मात्र ते खुर्चीत सरळ बसायचे आणि त्यांची भाषा बदलायची. "नमस्कार. मी सेक्रेटरी बोलतो आहे. आपण कुठून बोलत आहात?"

"सर, पुण्यातून. सर, राउटर एकदा बंद करून चालू करा."

"आपल्याला पुण्यातून माझा राउटर दिसतो का?"

"नाही सर."

"मग तो बंद करायला कशावरून सांगता?"

बाहेर बाकावर लोक तोंडावर हात धरून बसलेले असायचे. सेक्रेटरी फोन ठेवून म्हणायचे, "बंद करून चालू कर म्हणे. मेल्याचो बापूस आजारी पडलो तर तेका पण बंद करून चालू करतलो."

बंद करून चालू करणं हा त्यांना अपमान वाटायचा. तरुणपणी त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर रोजंदारीने काम केलं होतं आणि तेव्हापासूनचा त्यांचा एकच नियम होता: "आधी लाईन चालायची. मगे यंत्राक हात लावायचो." म्हणजे बिघाड काहीही असो, आधी ऑफिसातून निघून तारेखालून पायी चालत रस्त्यावरच्या पेटीपर्यंत जायचं आणि तार डोळ्यांनी बघायची. ऊन असो, पाऊस असो, ते छत्री घेऊन निघायचे. बिघाड नसला तरी रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एकदा चालून यायचेच. सुरुवातीला मला हे वेडेपणाचं वाटायचं. पण बिघाड खरोखरच तारेवर सापडायचा. कधी माकडांनी झोके घेतलेले असायचे. एकदा शाळेमागच्या आजीने तारेवर ओलं लुगडं वाळत घातलं होतं. "आगो आये," सेक्रेटरी रस्त्यावरून ओरडले, "माझ्या नेटार तुझा लुगडा?" आजी शांतपणे म्हणाली, "मगे तुझा नेट जरा वर बांध. माझो हात पोचता थंय मी घालतलंय."

ढग आले की ते राउटरची वायर काढायचे आणि वायरीसकट तो काळा अॅडॉप्टर शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायचे. आमच्याकडे वीज पडून यंत्रं जळतात हे खरं आहे. पण सेक्रेटरी रोज संध्याकाळी तो नेत, ढग असोत की नसोत. सकाळी ते येईपर्यंत मी नेट नसलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून राहायचे.

आणि ओटीपी. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नेट खाली ऑफिसात आणि मेसेज वर सड्यावर, त्यामुळे कुणाचाही ऑनलाईन अर्ज भरायचा तर एकाने फोन घेऊन सड्यावर उभं राहायचं आणि आलेला नंबर खाली ओरडून सांगायचा. हे काम सेक्रेटरी स्वतः करायचे. सभासदांचे फोन कापडी पिशवीत घालून ते वर चढायचे. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा आवाज तो. सगळ्या वाडीला ऐकू जायचा. "चाऽऽर! साऽऽत! पूऽऽज्य!" मी खालून परत म्हणून खात्री करायची. माझा आवाज वर पोचायचा नाही. मग विहिरीवरच्या बायका माझ्या वतीने ओरडायच्या. एकदा शेवटचा आकडा झाल्यावर कोणीतरी बागेतून गाऱ्हाण्यासारखं "होय म्हाराजाऽऽ" म्हणालं आणि दिवसभर गाव हसत होतं.

मी एकदा त्यांना मेसेज वाचून दाखवला. त्यात लिहिलेलं असतं की हा नंबर कोणालाही सांगू नका. ते म्हणाले, "कोणाक म्हणजे परक्याक. हय परको कोण आसा?"

परका एकजण होता. त्यांचे चुलतभाऊ. गाव त्यांना भाई म्हणतं. दोघांच्या जागांमध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत होती. मी लहान असताना एका पावसात तो गडगा मधोमध कोसळला. भाई म्हणाले सेक्रेटरींनी बांधायचा, सेक्रेटरी म्हणाले भाईंनी. कोणीच बांधला नाही. त्या खिंडारातून दोन्हीकडची गुरं ये-जा करतात. ही दोन माणसं मात्र तेव्हापासून एकमेकांशी बोललेली नव्हती. देवळात गाऱ्हाण्याला भाई यायचे, पण सेक्रेटरी बोलून थांबले की सगळे "होय म्हाराजा" म्हणत तेव्हा भाई ओठ मिटून उभे राहायचे. आणि तारेच्या वाटेवरचे ते दोन माड भाईंचे. तार टाकायला आलेल्या कंपनीच्या माणसांना यातलं काय माहीत? त्यांना उंच काहीतरी हवं होतं, त्यांनी माडांना बांधली.

आता त्या दिवसाचं सांगते.

मला एम.एस्सी. करायचं होतं. रसायनशास्त्रात. आमच्या घरात याचा अर्थ कोणाला नीट कळत नव्हता, मीही नीट सांगू शकले नव्हते. माझ्या ताईचं बारावीनंतर लग्न झालं. ती तोंडवलीला असते. सासरच्यांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत, तिथल्या चादरी धुण्यात तिचा दिवस जातो. ती सुखात नाही असं नाही. पण तिच्या धाकट्या दिराचं स्थळ माझ्यासाठी सुचवलं गेलं होतं. बाबा मला म्हणाले होते, "नाव लागला तर जा. नाय लागला तर यंदा बघूया काय ता." त्या 'काय ता'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता.

नाव लागलं. कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या यादीत. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या वेळी मला ते स्क्रीनवर दिसलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत ऑनलाईन जाऊन ती जागा पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्या नंबरला जाणार होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, "आत्ताच करतंय. बाबा सड्यार जातीत फोन घेवन." ते अॅडॉप्टर काढत होते. "फाल्या कर गो. कॉलेज काय राती पळान जाता?" आणि अॅडॉप्टर खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. सेक्रेटरी उशिरा आले. अॅडॉप्टर लावला. राउटरवर लाल दिवा.

"बस," ते म्हणाले. "आत्ता येता."

मी बसले. त्या दिवशी सेक्रेटरींनी जे जे केलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, रुमालाने एकेक टोक पुसलं, परत लावल्या. टेस्टर आणून प्लग तपासला. राउटर या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. कॉम्प्युटरच्या बाजूचं झाकण उघडून आत फुंकलं. कंपनीला फोन केला आणि रेकॉर्डवाल्या बाईला एकही शब्द बोलले नाहीत. पलीकडच्या माणसाने बंद करून चालू करा म्हटलं तर निमूटपणे बंद करून चालू केलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, माझ्यासाठी करतायत. माझ्या जागेसाठी ह्या माणसाने आपला हट्ट सोडला असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. हे आठवलं की मला अजून राग येतो.

मी म्हटलं, "मी लाईन चालान येतंय."

"नको. पाऊस आसा."

पाऊस भुरभुरत होता. एवढ्या पावसाला ते छत्रीही उघडत नसत.

अकराच्या पुढे नांदगावची गाडी आली. मी उठले. "मी नांदगावाक जातंय. थंय दुकानात करतंय."

"कित्याक?" ते एकदम ओरडले. "कंपनीचो माणूस निघालो हा. तू थंय पोचायच्या आधी हय नेट येतला. बस म्हटलंय ना?"

मी बसले. मोठ्या माणसाने बस म्हटल्यावर उठून जायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. एसटीने हॉर्न दिला आणि ती गेली. पुढची गाडी संध्याकाळची. जेवायच्या वेळी बाबा येऊन दारात उभे राहिले. त्यांनी विचारलं, "झाला?" सेक्रेटरींनी उत्तर दिलं, "होता, होता. तुमी जावा." बाबांनी मान हलवली आणि फोन घेऊन सड्यावर जाऊन बसले. उगाच ओटीपी आला आणि आपण नसलो तर, म्हणून.

तीन वाजून गेले तेव्हा सेक्रेटरी पुन्हा एकदा वायरीची टोकं पुसत होते. मी त्यांना न सांगता चपला घातल्या आणि तारेखालून चालायला लागले.

फार चालावं लागलं नाही. भाईंच्या माडावरून भलीमोठी सुकी झावळी खाली आली होती आणि तिच्याबरोबर तार. तिचं तुटकं टोक घरासमोरच्या खळ्यात चिखलावर लोळत होतं. भाई पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"तू इलंस काय गो बाय? तेका लाज वाटली काय?"

"ही कधी तुटली, भाई?"

"राती. वाऱ्यान. सकाळी तो बघून गेलो मा. हय गडग्यापाशी उभो रवलो, खांबासारखो. मी म्हटलंय, तोंडान इचार, मगे चढव कोणाक चढवचो तो. तोंड फिरवल्यान आणि गेलो."

मग मी सांगितलं की आज माझ्या जागेचा शेवटचा दिवस आहे, पाच वाजेपर्यंत. भाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. "आगो, माका कोणी सांगल्यान? तुका मी नाय म्हटलं असतंय? तुझो बापूस इलो असतो तरी चालला असता." ते उठून तारेपाशी आले, ते टोक त्यांनी हातात घेतलं. "आता जोडूया? पिळून होता काय ह्या?"

होत नाही. त्या तारेच्या आत केसासारखी काच असते. जोडायला कंपनीचं यंत्र लागतं आणि ते घेऊन येणारा माणूस कणकवलीहून यावा लागतो. मी भाईंच्या घरातल्या लँडलाईनवरून त्याला विचारलं. त्याला आमच्या गावातून त्या दिवशी कोणी बोलावलेलंच नव्हतं. तो उद्या येतो म्हणाला.

मी परत गेले आणि चपला घालूनच आतल्या खोलीत शिरले. सेक्रेटरींनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मी म्हटलं, "भाईकडसून इलंय." त्यांनी स्कूटरची चावी घेतली.

त्या रस्त्यावर त्यांनी स्कूटर कशी चालवली मला सांगता येणार नाही. पुढे चिऱ्यांचा ट्रक लागला. रस्ता एवढा अरुंद की ट्रक असला की मागे राहायचं, दुसरं काही नाही. सेक्रेटरी हॉर्नवरचं बोट काढत नव्हते. "बाजूक घे मेल्या! बाजूक घे! पोरगेची सीट जाता!" ट्रकवाल्याने बाहेर हात काढून आपलाच रस्ता असल्यासारखं खुणावलं. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. ती मान मला त्या क्षणी इतकी नकोशी झाली होती की मी स्कूटरची कडी धरून बसले, त्यांना हात लागू दिला नाही.

नांदगावच्या दुकानात नेट चालू होतं. पान लगेच उघडलं. बाबा सड्यावर होतेच, ओटीपी त्यांना फोनवर विचारता आला असता, पण पाच वाजून गेले होते आणि पानावर लिहिलं होतं की मुदत संपली आहे. दुकानदाराने ते मोठ्याने वाचून दाखवलं, जणू मला वाचता येत नव्हतं.

मी बाहेर आले. सेक्रेटरी स्कूटरपाशी उभे होते. मी आयुष्यात कोणा मोठ्या माणसाला उलटून बोललेले नव्हते. त्या दिवशी हायवेच्या कडेला, फळांच्या हातगाड्यांसमोर, रिक्षावाल्यांसमोर मी ओरडले.

"तुमका सकाळीच म्हायत होता!"

त्यांनी रुमाल काढला आणि स्कूटरची सीट पुसायला लागले.

"तुमी सकाळी बघून इलास! दिवसभर माका बसवन ठेवलात! वायरी पुसलात! खोटा सांगलात माणूस निघालो हा म्हणान! माका गाडयेन जावक दिलात नाय! एक शब्द इचारूचो होतो तुमका, एक! तुमच्या तोंडातसून नाय सुटलो तर माका सांगूचा होता, मी इचारलं असतंय!"

एक रिक्षावाला म्हणाला, "काय झाला गो बाय?" मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "होय."

बस एवढंच. होय. मग खाली बघत म्हणाले, "चाय घेतंस?"

मी एसटीने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी भाईंच्या खळ्यात गेले. हे मला बघणाऱ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, "तार जोडूची आसा. माणूस चढवू?" भाई म्हणाले, "चढव." झालं. संपलं. इतक्या वर्षांचं जे काही होतं ते दोन वाक्यांत संपलं, आणि ती दोन वाक्यं आदल्या सकाळी बोलली गेली नाहीत म्हणून माझं वर्ष गेलं. लोकांना या गोष्टीत सेक्रेटरींनी दिवसभर पुसलेल्या वायरी दिसतात आणि हसू येतं. मला ते "चढव" ऐकू येतं. किती सोपं होतं ते. अवघड असतं तर मी कदाचित समजून घेतलं असतं.

तोंडवलीहून ताईच्या सासूबाई येऊन गेल्या. मुलगा चांगला आहे, बोलका आहे, बोट चालवतो. आईला तो आवडला होता. मी नाही म्हटलं तेव्हा आईने विचारलं, "मगे काय करतलंस?" मी म्हटलं, पुन्हा फॉर्म भरणार. काका म्हणाले, "आणि परत नेट गेला तर?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "रवांदे तिका एक वर्स." ते एक वर्ष बाबांनी सगळ्यांशी भांडून मला मिळवून दिलं, आणि बाबा भांडणारे नाहीत. त्यांना माझ्यासाठी भांडावं लागलं याचाही राग मी सेक्रेटरींच्या नावावर टाकला.

काम मी सोडलं नाही. नेट दुसरीकडे नव्हतंच. वर्षभर मी त्याच खोलीत सेक्रेटरींशी कामापुरतं बोलले. "सही." "प्रिंट." "पाणी इला." त्यांनी राउटरवरचं फडकं काढून टाकलं. अॅडॉप्टर घरी न्यायचं बंद केलं. ढग आले की वायर काढून माझ्या टेबलावर ठेवायचे. लोकांना वाटलं, सेक्रेटरी सुधारले. मला वाटायचं, आता कशाला?

पुढच्या वर्षी नाव पुन्हा लागलं. आधीपेक्षा खालच्या नंबरवर, पण लागलं.

जागा पक्की करायच्या दिवशी मी ऑफिसात पोचले तेव्हा दार उघडं होतं, राउटरवर हिरवा दिवा होता आणि सेक्रेटरी नव्हते. बाबा फोन घेऊन सड्यावर गेले होते. मी पान उघडत असताना बाहेरच्या बाकावरचे लोक सांगायला लागले की सेक्रेटरी पहाटेपासून भाईंच्या माडाखाली खुर्ची टाकून बसलेत, डोक्यावर कांबळ्याचं घोंगतं घेऊन, भाईंच्या घराकडे पाठ करून. भाई पडवीतून ओरडले होते, "डोक्यार नारळ पडात हां!" आणि सेक्रेटरी न वळता म्हणाले होते, "पडलो तर माझ्या डोक्यार पडांदे. तारेर पडूक नको."

लोक हसत होते. मी स्क्रीनकडे बघत होते.

सड्यावरून बाबांचा आवाज आला. बाबांना ओरडायची सवय नाही, पहिला आकडा अर्धवटच पोचला. विहिरीवरच्या बायकांनी ओरडून सांगितलं, "परत सांगा, परत!" मग बाबांनी सगळे आकडे एकेक करून, थांबत थांबत, जमेल तेवढ्या जोराने सांगितले. मी ते टाकले. जागा पक्की झाली असं पानावर आलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग प्रिंट काढली.

थोड्या वेळाने सेक्रेटरी भिजून आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"झाला?"

"झाला."

ते जाऊन आपल्या टेबलावर बसले. मी आभार मानले नाहीत. लोक म्हणतात, मानायला हवे होते, माणूस दिवस उजाडल्यापासून पावसात बसला. पण मला एक वर्षापूर्वीची सकाळ हवी होती, आणि ती कोणी माडाखाली बसून परत आणू शकत नाही.

मी कोल्हापूरला निघाले त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर आई, बाबा, दोन शेजारणी आणि छत्री घेतलेले सेक्रेटरी होते. गाडी आली तेव्हा त्यांनी माझी बॅग कोणाला उचलू दिली नाही, स्वतः आत नेऊन ठेवली आणि खाली उतरले. मी खिडकीपाशी बसले. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि त्यांच्या त्या आवाजात विचारलं, "राग गेलो काय गो?"

अख्खी गाडी वळून बघायला लागली. आई मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण म्हणून. पूर्वीची मी असते तर मान खाली घालून हो म्हटलं असतं.

"नाय," मी म्हटलं.

माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण पुढच्या दारात उभा असलेला कंडक्टरही वळला.

सेक्रेटरींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "बरा," ते म्हणाले. "खरा सांगलंस." आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले.